ऋण काढून सहल

वैशाख लागला की आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एक ठरलेला प्रश्न कानी पडू लागतो. पूर्वी या ऋतूत दोन परिचित भेटले म्हणजे मुलांच्या निकालाची व आंब्याच्या भावाची विचारपूस होऊन संभाषण संपत असे. हल्ली पहिलाच प्रश्न असतो, "यंदा कुठे?" प्रश्न दोनच शब्दांचा आहे, परंतु त्या दोन शब्दांत विचारणाराची ऐपत, विचारल्या जाणाराची लाज आणि उभयतांच्या बँकेतील शिल्लक यांची परीक्षा सामावलेली असते. या प्रश्नाला कोणी "आजोळी" किंवा "कोकणात आत्याकडे" असे उत्तर दिले, तर ऐकणाराच्या मुद्रेवर जी अनुकंपा उमटते, ती एखाद्याच्या घरी नुकतेच दुःखद वर्तमान घडल्यासारखी असते. उलट, "बारा दिवसांत सात देश" असे उत्तर देणारा गृहस्थ ते सात देश पाहून आला की नुसता ओलांडून आला, हे मात्र त्यास कोणी विचारीत नाही.

आज आम्ही या विषयावर लिहावयास बसलो आहो ते प्रवासाची निंदा करण्यासाठी नव्हे. उलट आमचे म्हणणे असे की, मुलांना घेऊन दूरचा प्रवास करणे ही मध्यम स्थितीतील कुटुंबाची चैन नसून गरज आहे. आणि ती गरज आज ज्या रीतीने भागविली जात आहे, ती रीत कुटुंबाच्या पैशाला, विश्रांतीला आणि खुद्द प्रवासाच्या हेतूलाही घातक आहे. "ऋण काढून सण" या म्हणीला आमच्या वाडवडिलांनी उपहासाचे स्थान दिले होते. आम्ही त्या म्हणीतील सण काढून तेथे सहल घातली, आणि उपहासाच्या जागी प्रतिष्ठा आणून बसविली! या प्रतिष्ठेविरुद्ध आमची तक्रार आहे.

मराठीतील ज्या प्रवासवर्णनाचा आम्हांस रास्त अभिमान आहे, त्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचे कर्ते विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसई गावचे. १८५७ साली हे गृहस्थ उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले ते हवापालटासाठी नव्हे. घरी दारिद्र्य होते, डोक्यावर ऋण होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली होती. पुढे ते बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले, आणि अखेर आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन बहुतांशी पायी घरी परतले. त्यांचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले व आजही वाचले जाते. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, भटजी ऋण फेडण्यासाठी प्रवासास निघाले होते. आम्ही प्रवासास निघण्यासाठी ऋण काढतो. त्यांनी परत येताना गंगोदक आणले. आम्ही हप्त्यांचे वेळापत्रक आणतो.

हे अतिशयोक्तीचे वाटत असल्यास वाचकांनी थोडे अंकगणित सहन करावे. चौघांच्या एका कुटुंबाने युरोपच्या सहलीसाठी लागणाऱ्या रकमेपैकी ४ लाख रुपये कर्जाऊ घेतले. व्याज दरसाल शेकडा १४, मुदत दोन वर्षांची. महिन्याचा हप्ता सुमारे १९,२०० रुपये बसतो. चोवीस हप्त्यांची बेरीज ४ लाख ६१ हजारांच्या घरात जाते. म्हणजे बारा दिवसांच्या आनंदावर केवळ व्याजच ६१ हजारांचे! जाहिरातीत मात्र ही बेरीज कोठेही दिसत नाही. तेथे दिसतो तो फक्त "किरकोळ" मासिक हप्ता. आणि त्याखाली हिमाच्छादित शिखरापुढे हसत उभे असलेले एक कुटुंब, ज्यातील कोणालाच पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची काळजी दिसत नाही. पहिल्या उन्हाळ्याचा चोविसावा हप्ता भरला जातो तोवर तिसरा उन्हाळा दाराशी येऊन "यंदा कुठे?" म्हणून विचारीत असतो.

बरे, एवढे देऊन मिळते काय? आमच्या परिचयातील एका सुशिक्षित दांपत्याने अशीच एक सहल केली. परत आल्यावर त्यांच्या नऊ वर्षांच्या चिरंजिवांना आम्ही विचारले, "काय काय पाहिलेस?" त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले की, बसमध्ये पडद्यावर तीन चित्रपट पाहिले, आणि एका हॉटेलात पोहण्याचा तलाव होता, पण पोहावयास वेळ मिळाला नाही. मुलाचा दोष नव्हता. पहाटे सहाला उठवून, सामान दाराबाहेर ठेववून, आठाच्या बसमध्ये बसवून, दुपारी एका चौकात वीस मिनिटे सोडून, छायाचित्रे काढवून, सायंकाळी दुसऱ्याच देशात नेऊन निजविलेल्या मुलाला पडद्यावरचा चित्रपट हीच काय ती एक सुसंगत गोष्ट वाटावी, यात नवल ते काय? त्याच्या मातोश्री म्हणाल्या, "जेवण मात्र अगदी घरच्यासारखे होते हो!" सहा हजार किलोमीटर जाऊन घरच्यासारखे जेवण मिळाले, याहून प्रवासाचा मोठा पराभव आम्हांस कल्पिता येत नाही.

या पंथाच्या विरुद्ध टोकाला दुसरा एक पंथ आहे, आणि त्याच्याशीही आमचे भांडण आहे. या पंथाचे लोक म्हणतात, "मध्यम स्थितीतल्या माणसाने अंथरूण पाहून पाय पसरावे. मुलांना काय कळते? आम्ही कुठे गेलो होतो? घरी पत्ते खेळावे, आमरस खावा, दुपारी झोपावे." हा उपदेश ऐकावयास शहाणपणाचा वाटतो, परंतु त्यात दोन गफलती आहेत. पहिली ही की, ज्या घरात आमरस खाऊन दुपारी झोपावयाचे ते आजोळच आता बहुतेकांना राहिलेले नाही. आजोबा-आजी स्वतःच शहरातल्या दोन खोल्यांत आले. वाड्याच्या जागी इमारत झाली. आतेभाऊ-मामेभाऊ निरनिराळ्या गावांना पांगले. पूर्वीच्या मुलाला सुट्टीत आपोआप जो पालट मिळत असे, तो आजच्या मुलाला योजून द्यावा लागतो. दुसरी गफलत काळाच्या हिशेबाची आहे. मूल सहा वर्षांचे झाले म्हणजे त्याला प्रवासाचे काही स्मरण राहू लागते. सोळाव्या वर्षी ते दहावी ओलांडते. त्यापुढचे उन्हाळे प्रवेशपरीक्षांचे वर्ग गिळून टाकतात, आणि नंतर मूल आपल्या मित्रांबरोबर जाऊ लागते. म्हणजे आईबापांच्या वाट्याला मुलासह येणारे मे महिने उणेपुरे दहा! त्यांतून आजारपण, लग्नकार्ये व बदल्या वजा घातल्या, तर हातांत पाच-सहा उरतात. पैशाची काटकसर करणाऱ्याने या दहा महिन्यांचीही काटकसर करावी, ती उधळू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे. पैसा पुन्हा मिळविता येतो. नऊ वर्षांचा मुलगा पुन्हा नऊ वर्षांचा होत नाही.

तेव्हा एक पक्ष सांगतो, "दूर जा आणि कर्ज काढा", दुसरा सांगतो, "कर्ज नको आणि दूरही नको." या दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे की, दूर जाणे महाग असते. हे गृहीतच आम्हांस मान्य नाही. महाग असते ती घाई. महाग असतो तो दिखाऊपणा. महाग असते ती आयत्या वेळची धांदल. अंतर हे त्या मानाने फार स्वस्त आहे.

आपल्या रेल्वेचीच गोष्ट घ्या. रेल्वेच्या भाड्याची रचना अशी आहे की, अंतर जसजसे वाढत जाते तसतसा दर किलोमीटरचा आकार उतरत जातो. पुण्याहून भुसावळपर्यंतचा प्रत्येक किलोमीटर जेवढ्याला पडतो, त्याहून पुण्याहून दिल्लीपर्यंतचा प्रत्येक किलोमीटर कमी दराने पडतो. अर्थात् लांबच्या प्रवाशाला रेल्वे स्वतःच सवलत देते. शिवाय ज्या स्थानकावरून निघावयाचे त्याच स्थानकावर परतावयाचे असेल, तर वर्तुळाकार प्रवासाचे एकच तिकीट काढण्याची सोय आहे. त्यात वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते, आणि भाड्याची आकारणी एकूण अंतराचे दोन समान भाग करून दोन लांब प्रवासांप्रमाणे होते. तुकड्या-तुकड्यांनी तिकिटे काढणाऱ्यापेक्षा हे पुष्कळ कमी पडते. मात्र त्यासाठी मार्ग अगोदर आखून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज द्यावा लागतो आणि मग प्रत्येक टप्प्याचे आरक्षण करावे लागते. ही खटपट पुरी दोन दुपारांची आहे. आमचे सुशिक्षित गृहस्थ ती करीत नाहीत. कारण तिची जाहिरात कोणी करीत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण देतो, म्हणजे आम्ही हवेत मनोरे बांधीत आहो असा आक्षेप राहणार नाही. पुण्याच्या एका कुटुंबाने, आईबाप व दहा आणि चौदा वर्षांची दोन मुले, मे महिन्यात कुमाऊँच्या डोंगरात जावयाचे ठरविले असे समजा. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम. काठगोदामला रेल्वे १८८४ मध्ये पोचली. तेथे लोहमार्ग संपतो आणि हिमालय चढू लागतो. वातानुकूलित तिसऱ्या वर्गाने चौघांचे जाण्यायेण्याचे भाडे आजच्या दरांनी वीस हजार रुपयांच्या आसपास येते. साध्या स्लीपरने गेल्यास त्याच्या निम्म्याहूनही कमी. डोंगरात आठ रात्री राहावयाचे. नैनिताल, अल्मोडा, कौसानी येथे सरकारी पर्यटन निगमाची विश्रामगृहे आहेत, घरगुती निवासही आहेत. दर रात्री तीन हजार धरले तर २४ हजार. डोंगरातील बसगाड्या, वाटून घेतलेल्या जीपगाड्या व एखाद-दुसरा दिवस स्वतंत्र मोटार मिळून ८ हजार. खाणेपिणे व किरकोळ मिळून १० हजार. बेरीज बासष्ट हजारांच्या आसपास झाली. वाचकहो, हा आकडा ओळखीचा वाटतो ना? वर ज्या कुटुंबाने कर्ज काढले, त्याने केवळ व्याज म्हणून भरलेली रक्कम हीच! एका घराचे जे नुसते व्याजात गेले, तेवढ्यात दुसरे घर हिमालय पाहून आले.

आणि काय पाहून आले? पुण्याहून दिल्लीस जाणारा लोहमार्ग भुसावळजवळ तापी ओलांडतो, इटारसीच्या पुढे नर्मदा ओलांडतो, धोलपूरजवळ चंबळ ओलांडतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्या निळ्या रेघा मुलांनी पेन्सिलीने गिरविल्या, त्या एका दिवसाच्या आत खिडकीखालून वाहत जातात. वाटेत झाशी लागते. ज्या गावात १८५८ साली आपले गोडसे भटजी तोफांच्या माऱ्याखाली सापडले, ते हे गाव, असे बापाने मुलास सांगितले, तर फलाटावरच्या चहाबरोबर इतिहासाचा जो घोट मुलाच्या घशाखाली उतरेल, तो शाळेत वर्षभर बसून उतरत नाही. विमानाने हेच अंतर दोन-सव्वादोन तासांत कापता येते हे खरे. पण कापलेले अंतर आणि पाहिलेले अंतर यांत भेद आहे. दूरच्या प्रवासातले 'दूर' अनुभवास येऊ द्यावयाचे नसेल, तर दूर जावेच कशाला?

पुढे डोंगरात अल्मोड्याहून जागेश्वरास जावे. देवदारांच्या दाट छायेत दगडी देवळांचा शंभरांहून मोठा समूह तेथे उभा आहे. कौसानीस गांधीजी १९२९ साली राहिले होते आणि तेथेच त्यांनी गीतेवरील आपल्या 'अनासक्तियोग' या पुस्तकाचे काम केले. तो आश्रम आजही आहे. मे महिन्यात रानातील वणव्यांच्या धुराने दिवसा क्षितिज धूसर असते, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. परंतु पहाटे, किंवा एखादी सर येऊन गेल्यावर, त्रिशूळ व नंदादेवी यांची शिखरे जी उघडी पडतात, त्यांसाठी चार दिवस एका जागी थांबण्याची तयारी हवी. ज्याला वीस मिनिटांत निघावयाचे आहे त्याच्यासाठी हिमालय पडदा उघडीत नाही. आणि तेथल्या घरात जेवावयास बसले असता पानात काळपट भाकरी आली, तर मुलांना सांगावे की, ही 'मंडुव्या'ची रोटी म्हणजे आपल्या कोकणातली नाचणीच. हजारो हात उंचीवरच्या एका अपरिचित घरात आपल्या आजीच्या भाकरीची बहीण भेटावी, हा जो आनंद आहे, तो 'घरच्यासारखे जेवण' आपल्याबरोबर बांधून नेणाऱ्यास कधीच मिळावयाचा नाही.

याचा अर्थ परदेशी जाऊच नये असा आमचा हट्ट आहे काय? मुळीच नाही. ज्याला युरोप पाहावयाचा आहे त्याने अवश्य पाहावा; मात्र आधी पैसे साठवावे आणि मग जावे. महिन्याला आठ हजार बाजूला टाकणाऱ्याजवळ तीन वर्षांत व्याज सोडून २ लाख ८८ हजार जमतात. आणि तेच व्याज आता देणे न होता येणे होते. एवढ्यात सगळे भागणार नाही. म्हणून कोणी चार वर्षे थांबेल, कोणी पाच. थांबण्यात लाज नाही. दहा मे महिन्यांपैकी एक युरोपचा, चार देशातले, उरलेले घरचे, अशी वाटणी करणारे घर दरिद्री नव्हे, शहाणे आहे.

आणि गेल्यावर सात देश न करता एक करावा. शेंगेन करारातील २९ देशांसाठी व्हिसा एकच लागतो, म्हणून ते सगळे देश एकाच फेरीत उरकावे असा नियम कोणी केलेला नाही. हा व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. जून २०२४ पासून त्याचे शुल्क प्रौढास ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलास ४५ युरो, आणि सहा वर्षांखालील मुलास काहीच नाही. वर कल्पिलेल्या कुटुंबास हे ३१५ युरो पडतील. चौदा वर्षांचे मूल प्रौढात गणले जाते, हे ध्यानात ठेवावे. आमच्या वेळापत्रकाची एक अनुकूलताही फारशी कोणी ध्यानी घेत नाही. युरोपातील बहुतेक शाळांची मोठी सुट्टी जूनच्या अखेरीपासून पुढे, मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये असते. आमची मे महिन्यात. तेथील मुले वर्गात बसलेली असताना आमची मुले तेथे फिरू शकतात, आणि त्यामुळे मुक्कामाची जागा जुलैपेक्षा स्वस्त व मोकळी मिळू शकते. विमानाचे भाडे मात्र मेमध्ये चढते. कारण आपल्याकडच्या सगळ्या शाळा एकदमच सुटतात. त्यावर उपाय एकच, लवकर ठरविणे. आणि शनिवारी निघण्याचा मोह सोडून मंगळवारी किंवा बुधवारी निघता आले तर तेही पाहणे.

येथवर आम्ही गृहस्थांस बोल लावला. आता राज्यकर्त्यांच्या वाट्याचा बोलही लावणे प्राप्त आहे. 'लवकर ठरवा' असा उपदेश करणे सोपे. पण ठरवावे कशाच्या आधारे? रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. फार लांबच्या मुदतीची तिकिटे मोठ्या संख्येने रद्द होतात, हे रेल्वेचे कारण अगदीच निराधार नाही. परंतु त्याचा परिणाम असा की, मेच्या पहिल्या आठवड्यात निघू इच्छिणाऱ्याने मार्चच्या आरंभी, ठरल्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला तिकिटासाठी सिद्ध असले पाहिजे. आणि नेमक्या त्याच वेळी त्याला आपल्या मुलाची परीक्षा कधी संपणार हे ठाऊक नसावे! २०२५ साली राज्यातील पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत चालतील, असे मार्चमध्ये जाहीर झाले. ज्यांनी एप्रिलच्या मध्याचा भरवसा धरून तिकिटे काढली होती, त्यांच्या हाती रद्द केलेल्या तिकिटांची वजावट तेवढी आली. शाळा अधिक दिवस चालावी, या हेतूशी आमचे भांडण नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जूनमध्ये शाळा उघडतानाच परीक्षेचा शेवटचा दिवस सांगावा आणि तो पाळावा. लाखो कुटुंबांचा पैसा वाचविणारी, आणि सरकारास एक पैही न पडणारी, अशी दुसरी सुधारणा आम्हांस तरी सुचत नाही.

दुसरे गाऱ्हाणे मुलांच्या भाड्याचे. एप्रिल २०१६ पासून पाच ते अकरा वर्षांच्या मुलास आरक्षित डब्यात स्वतंत्र जागा हवी असल्यास पूर्ण भाडे भरावे लागते. अर्ध्या भाड्यात जावयाचे तर त्याने आईबापांच्या जागेतच अंग चोरून निजावे. जगातील महागड्या देशांत गणल्या जाणाऱ्या स्वित्झर्लंडात, आईबापांजवळ प्रवाशांसाठीचा रेल्वे-पास असला, तर सहा ते पंधरा वर्षांची त्यांची मुले त्यांच्यासह फुकट फिरतात! आमच्या रेल्वेचे मूळ भाडे त्यांच्या मानाने कितीतरी कमी आहे, हे आम्ही कृतज्ञतेने कबूल करतो. प्रश्न भाड्याचा नाही, धोरणाचा आहे. मुलाने देश पाहावा असे एका राष्ट्रास वाटते, आणि दुसऱ्यास मूल म्हणजे एक पूर्ण बाक अडविणारा उतारू वाटतो. ज्येष्ठ नागरिकांची सवलतही मार्च २०२० मध्ये बंद झाली ती बंदच राहिली. म्हणजे नातू व आजोबा एकत्र निघावयाचे तर दोघांचेही पूर्ण भाडे. आणि मग 'एकत्र कुटुंबपद्धती लयास का गेली' यावर आम्ही परिसंवाद भरवावयाचे!

अखेरीस एक गोष्ट घरातल्या घरात सांगावयाची आहे. सुट्टी कोणाची, हा प्रश्न आमच्या घरांतून विचारलाच जात नाही. मुलांची सुट्टी असते, वडिलांची रजा असते. आईचे मात्र स्थलांतर असते. निघण्यापूर्वी आठ दिवस लाडू-चिवडा करावयाचा, चौघांचे कपडे भरावयाचे, औषधे आठवावयाची, तेथे गेल्यावर कोणाची टोपी कोठे आहे याचे उत्तर द्यावयाचे, आणि परतल्यावर धुण्याचा डोंगर उपसावयाचा. तिने पाहिलेला हिमालय तो हाच! स्वस्त प्रवासाच्या नावाखाली तिचे श्रम फुकट धरून केलेला हिशेब आम्हांस मान्य नाही. बेत आखणे हे काम चौघांत वाटले गेले पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलीने गाड्यांचे वेळापत्रक पाहावे, दहा वर्षांच्या मुलाने खर्चाची वही ठेवावी, वडिलांनी स्वतःची व एका मुलाची पेटी स्वतः भरावी. यात श्रमविभाग तर होतोच. शिवाय ज्या मुलाने वहीत रोजचा खर्च मांडला, त्याला पैशाचे मोल व मर्यादा यांची जी ओळख होते, ती आयत्या सहलीत हात हलवीत हिंडणाऱ्यास कधी होत नाही. आमच्या मते प्रवासाची खरी मजा अर्धीअधिक या बेतातच आहे. जानेवारीच्या थंडीत जेवणानंतर नकाशा पसरून चार डोकी त्यावर वाकली, म्हणजे मे महिना तेथेच सुरू झाला.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे: दूर जावे, पण साठविलेल्या पैशाने जावे. थोडे पाहावे, पण थांबून पाहावे. जेथे जावे तेथले जेवावे. आणि "यंदा कुठे?" असे कोणी विचारले, तर उत्तर देताना आवाज चढवूही नये व खाली घालूही नये. ज्यांना यंदा काही कारणाने कोठेच जाता येत नाही, त्यांनी "यंदा घरीच, पुढल्या वर्षासाठी साठवीत आहो" असे मोकळ्या मनाने सांगावे. एवढे वाक्य ज्या दिवशी आमच्या दिवाणखान्यांतून न लाजता उच्चारले जाईल, त्या दिवशी हप्त्यांच्या जाहिराती आपोआप ओस पडतील. तोवर ज्यांच्या घरी नऊ वर्षांचे मूल आहे, त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, कर्जाची मुदत वाढवून मिळते. त्या मुलाच्या मे महिन्यांची मिळत नाही.